एकाहत्तराव्या मिनिटाला

एका ओळीत छत्तीस अक्षरं, ओळी दोन,
आणि वाचायला माणसाला साडेतीन सेकंद.
यात बसवायचं असतं मला
ओदिलचं किंचाळणं.

फिल्म सोसायटीने ठरवलेत सहा हजार, निम्मे आगाऊ.
वडाळ्याच्या खोलीत दुपारभर पडदे ओढून
मी त्या दोघांना पुढे-मागे करते.
ती बशी फेकते. बशी परत तिच्या हातात येते.
ती पुन्हा फेकते.
तो तिचे केस धुतो, स्वयंपाकघरातल्या नळाखाली, हलक्या हाताने,
आणि त्याच संध्याकाळी तिचा पासपोर्ट लपवतो.
खालच्या मजल्यावरच्या सिकेरा आंटींनी
काल जिन्यात अडवून विचारलं,
"कोण आलंय गो? जाम भांडतात."
म्हटलं, पाहुणे आहेत. फ्रान्सचे.
शुक्रवारी जातील.

फ्रेंचमध्येही आपल्यासारखे तू आणि तुम्ही आहेत.
सुरुवातीला ती त्याला तुम्ही म्हणते,
मग बंदरावर, बंद पडलेल्या गाडीत, तू.
तिथवर सोपं होतं.
शेवटाकडे भांडताना दोघं परत तुम्हीवर येतात,
थंडपणे, हातमोजे चढवावेत तसे,
आणि मराठीत ती बाई एकदम
पंचवीस वर्षं संसार केलेली वाटायला लागते.
तीन रात्री घालवल्या मी त्या एका तुम्हीवर.
खोडला. "अहो" लिहिलं. हसले. तेही खोडलं.

हेरंब, तुला हे किती सहज जमलं होतं.
तू तुम्हीवर थांबलासच नाहीस.
प्रभादेवीच्या त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये
मी फुटलेल्या दिव्याच्या काचा पेपरात गोळा करत होते
आणि तू दाराशी उभा राहून म्हणालास,
"आपण निघावं आता."
मला कळेचना,
आपण म्हणजे आपण दोघं,
की आपण म्हणजे मी.
मी चपला घातल्या.
तुझ्याही दाराकडे तोंड करून ठेवल्या.
तू त्यांच्याकडे बघितलंस
आणि आत जाऊन गीझर लावलास.

एकाहत्तराव्या मिनिटाला ओदिल दारात थांबते.
पाठमोरी. काहीतरी पुटपुटते.
संवादांच्या यादीत तिथे एकच शब्द: अस्पष्ट.
पंधरा वेळा ऐकलं, हेडफोन कानांवर दाबून.
फ्रिजची घरघर, अंगठी दाराला घासते,
मग श्वास, त्यात अडकलेलं एखादं व्यंजन.
नियम असा, की अस्पष्ट असेल तिथे पडदा रिकामा सोडावा.
मी नियम पाळणारी बाई आहे.
वीजबिलसुद्धा मुदतीआधी भरते.

शुक्रवारी माटुंग्याच्या सभागृहात चाळीसेक माणसं,
एसी फक्त उजव्या बाजूला.
ओदिल दारात थांबली
आणि तिच्या पाठीखाली पांढऱ्या अक्षरांत उमटलं:
आपण निघावं आता.

डावीकडे, तिसऱ्या रांगेत, कुणीतरी उठलं.
दार उघडलं, बाहेरच्या ट्यूबलाइटचा उजेड पडद्यावर पडला,
ओदिल पुसली गेली, अक्षरंही.
दार मिटलं तोवर ती रस्त्यावर पोचली होती.
कोण होतं ते दिसलं नाही.
मी वळून बघितलंच नाही, असं सांगायला आवडलं असतं.

नंतर चहाच्या टेबलाशी गोरक्षकर बाई आल्या,
तीस वर्षं कॉलेजात फ्रेंच शिकवलेल्या.
"ते दारातलं वाक्य, माझे कान गेलेत बहुतेक.
नेमकं काय म्हणते ती?"
म्हटलं, तेच.
त्या चष्मा पुसत राहिल्या, पदराने, बराच वेळ.
"मग त्यातलं आपण म्हणजे कोण?"

पोऱ्या कप गोळा करत होता.
माझा अर्धा भरलेला होता,
तरी दिला.